दांडा, साप आणि पंख

मुरबाडच्या बाहेर आमच्या संस्थेचं नवं मेडिकल कॉलेज उभं राहिलंय. त्याच्या गेटवर भलंमोठं बोधचिन्ह आहे. मधे उभा दांडा, त्याला वेढे घालणारे दोन साप, वर पंख, खाली कमळ, कमळात दिवा, दिव्याखाली उघडं पुस्तक, मागे डोंगराची रेघ, आणि या सगळ्याभोवती गोल करून नाचणारी काडीसारखी माणसं. ते मी काढलेलं नाही. बाजारात भाजी घेताना, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात कुणी ना कुणी भेटतं आणि म्हणतं, "मॅडम, मेडिकलचा लोगो तुमचा ना? मस्त झालाय." मी प्रत्येक वेळी नाही म्हणते, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. तो विनय नाही, राग आहे, आणि तो कशाचा हे एकदा नीट सांगायचं ठरवलंय.

मी चित्रकलेची शिक्षिका. संस्थेच्या मुरबाडच्या हायस्कूलमधे बरीच वर्षं शिकवत होते, तिथेच भाड्याची खोली घेऊन राहत होते. माझं घर मात्र शहापूर तालुक्यात. शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून टेकाड चढत गेलं की आमची ठाकरांची वाडी लागते. दादा आणि वहिनी तिथे असतात. खाली ओहोळाकाठी थोडं भात, वर वरकस जमिनीवर नागली आणि वरई, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि हिरडा. मी आश्रमशाळेत शिकले, मग चित्रकला शिक्षकाचं ए.टी.डी. केलं, आणि वाडीतली पहिली नोकरदार बाई झाले. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात हे माइकवरून सांगितलं जायचं. मीही उभी राहून हात जोडायची.

तर एका दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. खोलीत संस्थेचे सेक्रेटरी बसले होते. त्यांना आम्ही सगळेच साहेब म्हणतो. आधी हायस्कूल, मग डी.एड., मग फार्मसी असं एकेक करत त्यांनी संस्था वाढवली. आता मेडिकल. माझ्यासाठी चहा मागवला गेला, तेव्हाच काहीतरी काम आहे हे कळलं.

"मॅडम, कॉलेजचं बोधचिन्ह करायचंय," साहेब म्हणाले. "मुंबईच्या लोकांनी पाच-सहा नमुने पाठवलेत. एकालाही आपल्या मातीचा वास नाही. मला इथला डोंगर पाहिजे, इथला आदिवासी पाहिजे. ते तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्ही तर त्यातल्याच."

'त्यातल्याच' हा शब्द मला तेव्हा खटकला नाही. उलट अभिमान वाटला. एवढं मोठं कॉलेज होणार, त्याच्या दारावर माझ्या हाताची रेघ असणार. मी चहा तसाच ठेवून विचारलं, "कधीपर्यंत देऊ?"

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. लायब्ररीतलं जुनं ज्ञानकोशाचं बाड, फोनवर जे सापडेल ते. मेडिकलच्या चिन्हात साप असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. का असतो, हे मला माहीत नव्हतं. साप कात टाकतो, म्हणजे नवा जन्म घेतो. त्याचं विष मारतं, आणि तेच विष औषधातही चालतं. ग्रीक लोकांचा एक वैद्यकीचा देव होता, त्याच्या हातात साधा लाकडाचा दांडा, आणि त्याला गुंडाळलेला एकच साप. दुसरा एक दांडा आहे, त्याला दोन साप आणि वर पंख. तो देवांच्या निरोप्याचा. हा निरोप्या व्यापाऱ्यांचा पाठीराखा, आणि चोरांचाही. त्याचा आजारपणाशी काही संबंध नाही. पण दिसायला तो जास्त देखणा, म्हणून जगभर पुष्कळ ठिकाणी वैद्यकीच्या नावावर तोच छापतात.

हे सगळं वाचताना मजा येत होती. मग एका ठिकाणी दांड्याबद्दल वाचलं. कुणी म्हणतं, जुन्या काळी वैद्य एका जागी बसत नसे. गावोगाव पायी फिरायचा, दुखणेकरी जिथे असेल तिथे जायचा. हातातला दांडा हा त्या चालण्याचा सोबती. म्हणून तो चिन्हात आला.

मी वाचायची थांबले. वैद्य चालत येतो. आमच्या वाडीवर चालत आलेला डॉक्टर मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्याकडे दांडा घेऊन चालतो तो दुखणेकऱ्याच्या घरचा माणूस. दांडा त्याच्या खांद्यावर असतो, आणि दुखणेकरी त्या दांड्याला लटकलेला.

वहिनीला आम्ही तसंच नेलं होतं. हे मला सांगावंच लागेल.

काही वर्षांमागचा श्रावण होता, मला सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. वहिनीला दिवस भरले होते. पहाटे कळा सुरू झाल्या. वाडीतली म्हातारी सुईण आली, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसली, आणि म्हणाली, "आडवं हाय. माझ्यानं नाय व्हायचं. खाली न्या." दादाने गोठ्यामागचा जाडा बांबू काढला. चुलत भावांनी घोंगडी त्याला दोन्हीकडून बांधली, वहिनीला आत ठेवलं, वरून प्लास्टिक टाकलं. पुढे दादा, मागे चुलत भाऊ, आणि आलटून पालटून खांदा द्यायला आणखी दोघं. मी छत्री धरून बाजूने चालत होते. छत्रीचा काही उपयोग नव्हता, पण हातात काहीतरी धरायला पाहिजे होतं.

उताराची लाल माती पायाखालून निसटत होती. दादाचा खांदा पुढे झुकायचा आणि घोंगडी हेलकावे खायची. वहिनी ओरडत नव्हती. प्रत्येक हेलकाव्याला फक्त बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरायची. ओहोळाला पाणी चढलं होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. थांबलो तेव्हा दादाने डोली खाली ठेवली नाही. चिखलात ठेवायची कुठे? दोघं तशीच खांद्यावर घेऊन उभे राहिले. मी फोन लावत होते. वरच्या झाडाखाली रेंज यायची, तिथून अँब्युलन्सला सांगितलं. आम्ही पाणी ओलांडेपर्यंत ती डांबरापर्यंत येऊन थांबलेलीही होती. तिचा ड्रायव्हर भला माणूस होता, अर्ध्या वाटेवर चढून आला आणि त्यानेही खांदा दिला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथल्या सिस्टरने एक क्षणही घालवला नाही. वहिनी वाचली. मुलगी झाली, पण ती पोटात असतानाच वाटेत गेली होती. केस दाट होते तिचे. सिस्टर म्हणाली, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." ती चुकीचं काही बोलली नाही. पण दादा त्यावर कपाळाला हात लावून जो खाली बसला, तो मला अजून दिसतो. माणूस अख्खी वाट भार वाहत आला होता, आणि त्याला वाटलं की उशीर त्याने केला.

आमच्याच तालुक्यातून तानसा तलावाचं पाणी मुंबईला जातं. त्या जाड पाइपांची निगा राखायला साहेब लोकांच्या जीपा फिरतात, त्यांना रस्ता आहे. बाळंतिणीला नाही.

तर मी चित्र काढलं. आडवा दांडा, तो थोडा वाकलेला, कारण भाराने बांबू वाकतोच. पुढे-मागे दोन माणसं, अगदी कमी रेघांत. मधे डोलीचा अर्धगोल, होडीसारखा. दांड्यावर एकच साप, वाटेकडे बघत पुढे तोंड केलेला. मागे डोंगराची एक रेघ. खाली मराठीतले दोन शब्द: 'आम्ही येतो'. कॉलेजने एवढं वचन दिलं तरी पुष्कळ झालं, असं मला वाटत होतं. मी कितीतरी कागद फाडले, पण शेवटी जे झालं ते चांगलं झालं होतं. हे मी आजही म्हणेन.

साहेबांना दाखवायच्या आधी रविवारी घरी गेले. वहिनी ओट्यावर नागली पाखडत होती. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही मी हाय ना?"

"तुझं तोंड नाय काढलं, वयनी."

"तोंड कशाला पायजे? मला नाय समजत का?" तिने कागद उलटा करून ओट्यावर ठेवला. "ह्ये कुठं कुठं लावतील?"

"गेटवर. कागदांवर. डॉक्टरांच्या कोटावर."

"आनि कपांवर? तुज्या शाळेच्या कपांवर त्यांचा शिक्का हाय ना, तसा?"

"कपांवरही छापतील."

"म्हंजे माझी डोली हातात धरून च्या पितील."

ती रागाने बोलत नव्हती, तेच जास्त लागलं. ती पुन्हा सूप घेऊन बसली. मी म्हटलं, नको असेल तर देत नाही. ती पाखडत राहिली. मी परत निघाले तेव्हा वाडीच्या टोकापर्यंत आली.

"काढलंस ते बरोबर काढलंस," ती म्हणाली. "तुज्या भावाचा खांदा तसाच खाली गेलेला. दे त्यांना. पन त्यांना सांग, ही कोन हाय ती. नुस्तं चित्र दाखवून येऊ नको. सांगशील?"

"सांगेन."

"घाबरू नको सांगायला."

मीटिंग संस्थेच्या हॉलमधे होती. साहेब, मुख्याध्यापक, कॉलेजचे नवे अधिष्ठाता आणि कल्याणच्या जाहिरात कंपनीचा एक तरुण लॅपटॉप उघडून. अधिष्ठाता मोठ्या सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त होऊन आलेले. शांत, पांढरे केस, हाताची बोटं लांबसडक. मी चित्र टेबलावर ठेवलं.

पहिला तो तरुणच बोलला. "मॅडम, रेषा भारी आहेत. पण सॉरी, हे तिरडीसारखं दिसतंय."

साहेब मोठ्याने हसले. मुख्याध्यापक आधी साहेबांकडे बघून मग हसले.

"तिरडीवर झोळी नसते," मी म्हटलं. "तिरडी चौघं उचलतात. हे दोघं आहेत, आणि आतली बाई जिवंत आहे."

"ते आपल्याला कळतं हो," साहेब म्हणाले. "पण पेशंटच्या नातेवाइकाने गेटवर हे बघितलं तर? माणूस घाबरून परत जाईल. निगेटिव्ह नको. आणि साप एकच का? तो अर्धवट वाटतो. दोन घेतले की कसं दोन्हीकडून भरून येतं."

मी सांगितलं की एका सापाचा दांडाच वैद्यकीचा, दोन सापांचा आणि पंखांचा तो व्यापाराच्या देवाचा. सगळे अधिष्ठात्यांकडे बघायला लागले.

"मॅडम म्हणतात ते बरोबर आहे," अधिष्ठाता हळूच म्हणाले. "खरं चिन्ह एका सापाचंच." मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पण दोनही चालतात. बरेच लोक वापरतात."

हे मला साहेबांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. साहेबांना माहीत नव्हतं. यांना माहीत होतं. आयुष्यभर ज्यांनी नाडी बघितली, त्यांना खरं काय ते एका वाक्यात ठामपणे सांगता आलं नाही. पहिल्या वाक्यात सांगितलं आणि दुसऱ्यात परत घेतलं.

"आणि मॅडम, व्यापार म्हणजे काय वाईट असतो का?" साहेब म्हणाले. "कॉलेज काही हवेवर चालत नाही."

मी वहिनीला शब्द दिला होता, म्हणून सांगितलं. उभी राहूनच सांगितलं. श्रावण, बांबू, ओहोळ, ड्रायव्हर, सिस्टर, मुलीचे केस. मी रडले नाही. सांगून झालं तेव्हा त्या लॅपटॉपवाल्या मुलाने मान खाली घातली होती.

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "म्हणूनच तर आपण कॉलेज काढतोय ना? आणि हे सगळं जुनं झालं आता. रस्ते झालेत सगळीकडे."

"एकदा शेणव्याच्या पुढे या, साहेब. गाडी कुठपर्यंत जाते बघा."

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही भावनिक होताय."

माझ्या घरातलं मूल वाटेत गेलं हे मी सांगितलं तर मी भावनिक. संस्थेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात साहेब आपल्या आईच्या आठवणीने डोळे पुसतात, त्याला निवेदक 'हृद्य क्षण' म्हणतो. मी चित्र गुंडाळलं. तरुणाने विचारलं, "मॅडम, फाइल मिळेल का? रेफरन्सला." मी नाही म्हटलं. त्याने बहुतेक फोनवर फोटो आधीच काढला होता, कारण पुढे जे आलं त्यात डोंगराची रेघ माझीच होती. ओळखते मी माझी रेघ.

महिनाभराने शाळेच्या दारात फ्लेक्स लागला. दोन साप आणि पंख. कमळ, दिवा, पुस्तक, मागे ती डोंगराची रेघ. खाली एक संस्कृत ओळ, जी वाचायला शाळेतल्या संस्कृतच्या सरांनाही चष्मा बदलावा लागला. आणि भोवती नाचणारी माणसं. त्रिकोणाची छाती, त्रिकोणाचं पोट, काडीचे हातपाय, मधे लांब तारपा फुंकणारा एक. फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'संकल्पना', आणि पुढे माझं नाव.

आमच्या वाडीत वारली समाज नाही. ती चित्रं वारल्यांची, त्यांच्या लग्नात त्यांच्या सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्याला त्यांचा देव लागतो, त्यांची गाणी लागतात. आम्ही ठाकर. आमची बोली वेगळी, आमचा नाच वेगळा. शेजारी राहतो म्हणून एकमेकांचं आपलं म्हणत नाही. पण साहेबांच्या मातीतल्या आदिवासीला एवढा तपशील लागत नव्हता. तो नाचता आला की झालं. डोली उचलणारा आदिवासी निगेटिव्ह, आणि नाचणारा शोभेचा. शिवाय त्यांना तो माझ्याच नावाने नाचवायचा होता, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं की त्यांच्याच बाईने काढलंय.

मी त्याच दिवशी संस्थेच्या ऑफिसात गेले.

"माझं नाव काढा," मी म्हटलं.

साहेबांना खरंच नवल वाटलं. "अहो, लोक नाव यावं म्हणून धडपडतात."

"ते मी काढलेलं नाही."

"आदिवासी घ्यायची कल्पना तुमचीच ना?"

"नाही. तुमची. मी माणसं काढली होती."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बरं, ते बघू. उद्घाटनाला मुलींचा आदिवासी नाच ठेवलाय. गेटसमोर याच चिन्हाची मोठी रांगोळी. ते दोन्ही तुमच्याकडे."

"मी रांगोळी काढणार नाही. आणि माझ्या मुली नाचणार नाहीत."

"मुली शाळेच्या आहेत, मॅडम," साहेब म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमच्या नाहीत."

ते खरं निघालं. पीटीच्या सरांनी फोनवरचा व्हिडिओ बघून मुलींना नाच शिकवला. त्यात आमच्या बाजूच्या ठाकरांच्या मुली होत्या, कुणब्यांच्या होत्या, एक बँकेच्या मॅनेजरांची उत्तर प्रदेशातली मुलगी होती. सगळ्यांना गुडघ्यापर्यंतची लुगडी आणि प्लास्टिकच्या माळा. पाहुणे उशिरा आले, तोपर्यंत मुली उन्हात ताटकळल्या. माळांनी मानेला पुरळ आलं म्हणून दोघी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. मी त्यांना नारळाचं तेल लावलं. त्यातली एक म्हणाली, "बाई, तुमी रागावलात का आमच्यावर?" मी म्हटलं, "तुमच्यावर नाही गो." पण हात जरा जोरात चालत असावा, कारण ती म्हणाली, "हळू."

जूनमधे माझी बदली झाली. म्हसा गावाच्या बाजूला संस्थेची एक छोटी शाळा आहे, तिथे. मुख्याध्यापक मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "ही शिक्षा समजू नका. तिकडे तुमच्यासारख्या अनुभवी माणसाची गरज आहे." ते वाईट नाहीत. त्यांना दोन मुली आहेत आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. पण त्यांच्या भल्या तोंडाकडे बघून मला त्या दिवशी जेवढी चीड आली तेवढी साहेबांचीही आली नव्हती. साहेब निदान मला बरं वाटावं म्हणून काही बोलले नव्हते. नव्या शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा, बाकी वेळ मी हिंदी शिकवते. फ्लेक्सवरचं नाव कुणी काढलं नाही. पावसाने तो फाटला, तेव्हा ते गेलं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात मात्र अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर वाडीत निरोप आलेला: मेडिकल कॉलेजचं आरोग्य शिबिर, सगळ्यांनी या. शिबिर कुठे, तर खाली डांबरावरच्या झेडपी शाळेत. बस त्याच्या पुढे येत नाही. म्हणजे ज्यांना उतरता येत होतं ते तपासून घ्यायला गेले, आणि ज्यांना खरोखर तपासायला पाहिजे होतं ते वर पडून राहिले. आमच्या शेजारची म्हातारी सुजलेले पाय घेऊन दारात बसली होती. तिला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "डॉक्टरला म्हनावं तू ये, तुझे पाय चांगले हायत."

वहिनीला चक्कर येत होती, म्हणून मी तिला घेऊन उतरले. शाळेच्या व्हरांड्यात मोठा बॅनर. तेच चिन्ह. वहिनी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. गोल नाचणाऱ्या माणसांवर तिचं बोट फिरत गेलं.

"ह्ये नाचत्यात कशाला?" तिने विचारलं.

शेजारी टेबलावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी वजन-उंची घेत होती. लातूरकडची होती, बोलण्यावरून कळत होतं. पहिल्या वर्षाची असेल. तिला वाटलं प्रश्न तिलाच आहे. कॉलेजात पहिल्या दिवशी चिन्हाचा अर्थ सांगतात म्हणे, तो तिने मनापासून सांगितला. दोन साप म्हणजे शरीर आणि मन. दिवा म्हणजे ज्ञान. कमळ म्हणजे चिखलातही स्वच्छ राहणं. नाचणारी माणसं म्हणजे निरोगी समाजाचा आनंद.

"आनि पंख?"

"पंख म्हणजे वेग, मावशी. रुग्णाकडे लवकर पोचायचं."

वहिनीने तिच्याकडे बघितलं, मग रस्त्यावर उभ्या बसकडे, मग वर टेकाडाकडे. "मग हितंच कशा थांबल्या गो तुमी?"

मुलगी गोंधळली. माझ्या तोंडात सगळं दाटून आलं होतं. व्यापाऱ्यांचा देव, एकच साप, तिचे अधिष्ठाता, तिचे सेक्रेटरी, सगळं तिच्या अंगावर ओतायला मी पुढे झाले. पण तिचं तोंड बघून मी मागे झाले. तिने ते चिन्ह काढलं नव्हतं. तिला जे पाठ करायला दिलं ते तिने पाठ केलं होतं.

"वर कोण आहे का आजारी?" तिने विचारलं.

"हाय ना. पाय सुजलेली म्हातारी. एक पोर तापलंय."

"किती लांब?"

"चल की. दाखवते."

मुलीने गळ्यातला स्टेथोस्कोप नीट केला, वजनकाटा मैत्रिणीकडे दिला आणि खरंच निघाली. शाळेच्या कुंपणाबाहेर आम्ही तिघी आलोही. तेवढ्यात त्यांचे एक सर माइकवरून ओरडले, "कोणी ग्रुप सोडून जायचं नाही. फोटो आहे, मग लगेच बस निघणार." ती थांबली. सरांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "परत आलो की नक्की," ती म्हणाली. मग पळत गेली आणि बॅनरखाली ओळीत उभी राहिली. सरांनी आम्हालाही हात केला, या, तुम्ही पुढे बसा. वहिनीने मान हलवून नकार दिला आणि चालायला लागली.

तिच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं होती, तिची आणि म्हातारीसाठी मागून घेतलेली. मी तिच्या मागून चढत होते आणि बोलत होते. साहेबांबद्दल, पंखांबद्दल, त्या भल्या मुख्याध्यापकांबद्दल, फोटोबद्दल. दम लागला तरी थांबत नव्हते. मधे एका दगडावर वहिनी टेकली, चक्कर आल्यासारखं वाटत होतं तिला. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि गप्प झाले.

तिने दोन घोट घेतले, तोंड पुसलं.

"थांबलीस का?" ती म्हणाली. "बोल ना. तू बोलतेस तर चढन लौकर सरते."

मग आम्ही उठलो, आणि मी पुन्हा बोलायला लागले.